घरची गाडी असताना

मी एक विजेवर चालणारी गाडी बोलतेय. हो, इकडे, तुमच्या मागे. दचकू नका. आवाज न करता येणं ही आमची जातकुळीच आहे. आमच्याआधीच्या गाड्या निघण्यापूर्वी खोकायच्या, गुरगुरायच्या, अख्ख्या गल्लीला कळवायच्या. मी येते तेव्हा चाकाखालची खडी तेवढी बोलते. त्यामुळे रस्त्यावरचे लोक मला उशिरा बघतात आणि आत बसलेले लोक मी आहे हेच विसरतात. मग ते आपापसात मनातलं काय वाट्टेल ते बोलतात. मी ऐकते. मला दुसरं काम तरी काय आहे?

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. जन्म म्हणजे काय, तर पत्रे आले, यंत्रांचे हात आले, ठिणग्या उडाल्या आणि पट्ट्यावरून सरकत सरकत मी गाडी झाले. माणसाचा हात लागला तो अगदी शेवटी. तपासणीला एक बाई होती. ती प्रत्येक गाडीचं दार उघडायची, लावायची आणि मान तिरकी करून त्याचा आवाज ऐकायची. माझं मागचं एक दार तिला पसंत पडेना. पुन्हा पुन्हा लावून पाहिलं, कुठेतरी स्क्रू आवळला, आणि मग म्हणाली, "चल, पळ आता." मला उद्देशून कुणी बोललेलं ते पहिलं वाक्य.

माझे मालक एका लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर आहेत. दिवसभर दुसऱ्यांच्या उंच इमारतींतल्या लिफ्ट वरखाली करायच्या आणि स्वतःला मात्र एकही जिना नसलेलं घर हवं, असा त्यांचा हट्ट. मालकीणबाई बँकेत आहेत. त्यांना एक मुलगी, तिला सगळे छोटी म्हणतात. आणि मालकांची आई. मीही तिला आईच म्हणते, आणि आईला कुणी अहोजाहो करत नाही.

शहरातलं दोन खोल्यांचं घर विकून त्यांनी शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत घर घेतलं आणि त्या घराबरोबर मला घेतलं. आम्ही दोघं एकमेकांशिवाय निरुपयोगी होतो. माझ्यावाचून त्या घरी पोचता येत नव्हतं, आणि त्या घराच्या भिंतीवर डबा बसवल्याशिवाय मला चार्ज करता येत नव्हतं. घर होतंही छान. पुढे हिरवळ, मागे हिरवळ, प्रत्येकाला वेगळी खोली. शहरात छोटीला सारखा खोकला असायचा, तो इथे आल्यावर गेला. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्या घराला नावं ठेवाल.

आई मात्र शहर सोडायला सहजासहजी तयार नव्हती. ती कपडे दुरुस्त करायची. नवीन शिवायची नाही, फक्त आहेत ते माणसाच्या अंगाला बसवून द्यायची. पँट आखूड करणं, कोटाची चेन बदलणं, कोपराला फाटलेल्या स्वेटरला कळणार नाही असं रफू करणं. त्यासाठी पाटी नव्हती, दुकान नव्हतं. लोक जिन्यात भेटायचे, पिशवी हातात द्यायचे. "उद्या मुलाखत आहे हो, एवढं संध्याकाळपर्यंत होईल का?" आई तोंडातल्या टाचण्या न काढता मान हलवायची. त्या इमारतीत सहा मजले होते, खाली ड्रायक्लीनर होता, शेजारी दातांचे डॉक्टर, दाराशी बसचा थांबा आणि कोपऱ्यावर मेट्रो. आईला घराबाहेर पडायला चपला पायात सरकवण्यापलीकडे काही लागत नसे.

"काळजीच नको," मालक म्हणाले होते. शोरूममधून मला घरी आणताना, माझ्याच आत बसून. "घरची गाडी आहे. केव्हाही म्हण, तुला सोडतो."

पहिले काही शनिवार त्यांनी शब्द पाळला. आम्ही जुन्या इमारतीपाशी जायचो. आई उतरायची आणि पहिल्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे जाऊन बसायची. ही मैत्रीण टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेली, आवाज असा की पहिल्या मजल्यावरून रस्त्यावर मला स्पष्ट ऐकू यायचा. इमारतीतले लोक तिच्याकडे कपडे ठेवून जात. आई ते घेऊन यायची, आठवडाभर शिवायची आणि पुढच्या शनिवारी परत न्यायची.

तेवढा वेळ मी आणि मालक त्या इमारतीभोवती गरागरा फिरत असायचो, कारण तिथे मला उभं करायला जागाच नव्हती. मालक वैतागायचे. "ही काय जागा आहे? माणूस राहतो तरी कसा इथे?" असं ते त्या खिडक्यांकडे बघत म्हणायचे. आपण जन्मापासून तिथेच राहिलो होतो, हे त्यांच्या ध्यानात यायचं नाही. मेट्रोने यावं तर तेही त्यांना पटत नसे. वसाहतीपासून मेट्रोचं शेवटचं स्टेशन फारसं दूर नाही. पण घरची गाडी असताना मेट्रोने कशाला, हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मग शनिवार भरू लागले. छोटीचं पोहणं, आठवड्याचा बाजार, कुणाचा तरी वाढदिवस, माझं सर्व्हिसिंग. कुणी आईला नाही म्हटलं नाही. "पुढच्या शनिवारी नक्की" एवढंच म्हटलं. आईच्या नव्या खोलीत शिवणाचं मशीन भल्यामोठ्या खिडकीपाशी मांडलं होतं. मी पोर्चमध्ये उभी असते तिथून ते दिसायचं. इतका उजेड की चष्मा न लावता सुईत दोरा जावा. उजेड होता, कपडे नव्हते. आमच्या वसाहतीत जिने नाहीत, त्यामुळे जिन्यात कुणी भेटत नाही. शेजारी दिसतात ते काचेआडून, गाडी आत घेताना नाहीतर बाहेर काढताना. ते हात हलवतात. स्वभावाने वाईट कुणीच नाही.

एका सकाळी आई पिशवी खांद्याला लावून एकटीच निघाली. चालत मेट्रो स्टेशन गाठायचा तिचा बेत होता. मी चार्जिंगला लावलेली, तिला फाटकापर्यंत बघितलं. थोड्याच वेळात शेजाऱ्यांची गाडी आमच्या दारात थांबली आणि तिच्यातून आई उतरली, तोंड इतकंसं करून. शेजारी काळजीच्या सुरात मालकांना म्हणाले, "तुमच्या आई रस्त्यावर भेटल्या. चालत होत्या. वाट चुकल्या असाव्यात बहुतेक. म्हटलं, घेऊन जावं."

बिचाऱ्यांची चूक म्हणायची तरी कशी? त्या रस्त्याला पदपथच नाही. तिथे कुणी पायी दिसलं तर दोनच शक्यता सुचतात, गाडी बंद पडली असेल किंवा माणूस भरकटलं असेल. पण मालक घाबरले. "आई, असं एकटीने नाही निघायचं. मला सांगायचं. मी कशाला आहे?"

आई पुन्हा एकटी निघाली नाही. त्यानंतर तिने सांगितलंही नाही. जिने आयुष्यभर घराबाहेर पडायला कुणाला विचारलं नाही, तिच्या तोंडून 'मला सोडतोस का' हे शब्द बाहेरच येईनात. मागच्या सीटवर बसून ती एकदा ते वाक्य पुटपुटून बघत होती. मालक येऊन बसले तशी गप्प झाली.

त्याच सुमारास तिची दाढ दुखू लागली. हे पहिलं दुखणं खरं होतं. मालकांनी हातातलं काम टाकलं, रजा काढली आणि तिला तडक जुन्या इमारतीशेजारच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी दाढ भरली. आईने तेवढ्यात मैत्रिणीकडे डोकावून दोन पँटी आणि एक कोट आणला. परतीच्या वाटेवर ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि गाणं गुणगुणत होती. भरलेल्या दाढेने कुणी गुणगुणत नाही, हे मालकांना जाणवलं नाही.

मला वाटतं, तिला तेव्हाच कळलं. शिवणासाठी शनिवार मिळत नाही, पण दाढेसाठी कुठलाही वार मिळतो.

नंतर दाढ वरचेवर दुखू लागली. निघण्याआधी आई पाच-दहा मिनिटं लवकर येऊन मागे बसायची. माझ्या काचेत बघून गाल धरायची, कपाळाला आठी घालायची, हलकंसं कण्हायची. आधीआधी फार बेताचं कण्हायची, पुढे हात बसला. मी अलिप्त स्वभावाची आहे, कुणाच्या भानगडीत पडत नाही, पण तिचं ते कण्हणं ऐकून मला तिची दया यायची. ज्या बाईने कुणाची एक शिवण खोटी घातली नाही, ती माझ्या मागच्या सीटवर बसून खोटं दुखणं शिकत होती.

जुन्या डॉक्टरांना सगळं कळत असणार. आईने त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या बाह्या वर्षानुवर्षं आखूड करून दिल्या होत्या. ते तोंडात बघायचे आणि खाली येऊन मालकांना सांगायचे, "तसं घाबरण्यासारखं काही नाही. पण पुन्हा एकदा दाखवायला आणा." आई पायरीवर पिशवी पाठीमागे धरून उभी असायची.

एकदा ती गालांत घोटाळली. निघताना उजवा गाल धरला. त्याआधी कायम डावा असायचा. मालक रस्त्याकडे बघत होते. मालकीणबाई पुढच्या सीटवरून वळून छोटीचा पट्टा लावत होत्या. त्यांची नजर आईच्या हातावर क्षणभर थांबली. पट्टा लावला आणि सरळ बसल्या.

मालकांना मात्र आईचं दुखणं बघवेना. त्यांनी चौकशा केल्या आणि एक दिवस हसतमुखाने मला बाहेर काढलं. आमच्या वसाहतीजवळच्या मॉलमध्ये दातांचं नवं हॉस्पिटल निघालं होतं. "एकदम आधुनिक आहे, आई. आणि खाली पार्किंग, तेही चार्जिंगसकट. शहरात जायची कटकटच नको. आत्ताच्या आत्ता सोक्षमोक्ष लावू."

आई म्हणाली, "आज तेवढं दुखत नाहीये रे."

"म्हणूनच आज जायचं. दुखायला लागल्यावर धावपळ कशाला?"

मालकीणबाई आणि छोटीही आल्या, मॉलमध्ये खरेदी होती म्हणून. मला तळघरात तारेला लावून सगळे वर गेले. तिथे काय झालं ते मी पाहिलेलं नाही. खाली आले तेव्हा आईच्या तोंडात कापसाचा बोळा होता आणि मालकांच्या हातात तिचा हात. मला आठवतं, माझी बॅटरी तेव्हा काठोकाठ भरलेली होती.

"सुटलीस एकदाची!" मालक मला मागे घेत म्हणाले. "सारखी दुखणारी दाढ ठेवायचीच कशाला, असं तिथला डॉक्टरही म्हणाला. आता दुखणं नाही की खुपणं नाही."

मालकीणबाईंनी मागे वळून विचारलं, "आई, कुठली काढली?"

आईने डाव्या गालाला बोट लावलं.

"पण मागच्या वेळी उजवी दुखत होती तुमची."

"अगं, दुखणं सरकतं कधीकधी," मालक म्हणाले.

मालकीणबाई त्यांच्याकडे न बघता आईशीच बोलत राहिल्या. "मला तेव्हाच कळलं होतं. म्हटलं, तुम्ही आपणहून सांगाल, मी कशाला तोंडावर पाडू? पण तुम्ही दाढ काढून घ्याल असं स्वप्नातही वाटलं नाही हो. नाहीतर त्याच दिवशी बोलले असते."

आम्ही बाहेर पडायच्या अडसरापाशी पोचलो होतो. दांडा वर गेला. मालकांनी मला हलवलंच नाही. मागे हॉर्न वाजायला लागले.

आईने कापूस काढला. तिची जीभ जड झाली होती. ती म्हणाली, "चांगली होती गं दाढ." आणि रडायला लागली. इतक्या दिवसांत ती माझ्या सीटवर खोटं बरंच कण्हली होती. खरं रडताना तिचा आवाजच निघाला नाही.

"मग काढू का दिलीस?" मालकांचा आवाज चढला. "आई, का?"

"तू इतक्या हौसेने घेऊन गेलास. माझा हात धरून उभा राहिलास. तेव्हा काय म्हणू, की मला दोन पँटी आणायला जायचं होतं?"

"अगं, मग सांगायचंस ना! मी सोडलं असतं. केव्हाही सोडलं असतं."

"तेच तर," आई म्हणाली. "तू सोडलं असतंस. मला कुणी सोडायला नको होतं रे. मला जायचं होतं."

मागचे हॉर्न वाढले, तेव्हा मालकांनी मला पुढे काढलं. घरापर्यंत छोटी तेवढी विचारत होती की आजीचा दात आता कुठे आहे.

पुढचे काही दिवस ते तिघं माझ्यात बसले की एकच विषय. आईच्या मैत्रिणीकडे एक खोली रिकामी होती. ती कधीची मागे लागली होती, ये म्हणून. आईने आता ते बोलून दाखवलं. मालकांचं म्हणणं, "मी असताना तू दुसऱ्याच्या घरात राहणार? लोक काय म्हणतील? आईला घराबाहेर काढलं म्हणतील."

"इथे लोक आहेत कुठे?" मालकीणबाई म्हणाल्या.

मालक हसले नाहीत. त्यांना ते फार लागलं होतं. एकदा सिग्नलला थांबलो असताना ते म्हणाले, "मी हे सगळं तुझ्यासाठीच केलं ना, आई? उजेड, स्वतंत्र खोली, गाडी."

"हो रे बाळा," आई म्हणाली. "आणि खोली सुंदर आहे. मी तिथे बसून वाट बघते, एवढंच."

सिग्नल हिरवा झाला. त्यानंतर मालकांनी वाद घातला नाही.

शिवणाचं मशीन माझ्या मागच्या सीट पाडून, चादरीत गुंडाळून आत ठेवलं. जुन्या इमारतीपाशी नेहमीप्रमाणे जागा नव्हती. मालकांनी मला फुटपाथवर अर्धवट चढवून उभं केलं, "दोन मिनिटांत येतो" म्हणाले आणि आत गेले. नेमकी लिफ्ट बंद! दुसऱ्या कंपनीची होती म्हणा, पण लिफ्टच्या इंजिनिअरला आईचं मशीन जिन्यावरून चढवावं लागलं. ड्रायक्लीनर धावून आला, एक बाजू त्याने धरली. वरून मैत्रिणीचा आवाज, "भिंतीला लावू नका रे, रंग जाईल!" मशीन पोचवल्यावर मालकांना राहवलं नाही, ते लिफ्टच दुरुस्त करत बसले. ते काळेकुट्ट हात घेऊन खाली येईपर्यंत मला उचलून नेणारी गाडी येऊन गेली होती आणि मी साखळीने लटकत पोलिसांच्या आवारात पोचले होते. आयुष्यात असा अपमान कधी झाला नव्हता.

त्या दिवशी मालक मेट्रोने घरी गेले. दुसऱ्या दिवशी मला सोडवून आणताना मालकीणबाईंना सांगत होते, "बसायला जागा मिळाली. आणि चक्क झोप लागली मला."

तेव्हापासून आई तिथे आणि आम्ही इथे. सगळं गोडीगुलाबीचं झालं असं समजू नका. तिच्या खोलीत ऊन येत नाही, दुपारी दिवा लावावा लागतो. मैत्रीण घोरते. छोटी अजून सकाळी आजीची खोली उघडून बघते आणि शाळेच्या वाटेवर माझ्या मागच्या सीटवर बसून रुसते. मालकीणबाईंची धावपळ वाढली. आईचा हात घराला किती होता, ते ती गेल्यावर मोजलं गेलं. पण आईकडे काम इतकं आहे की फोनवर बोलतानासुद्धा तिच्या तोंडात टाचण्या असतात, असं मालक सांगतात.

माझं म्हणाल तर मी आता बहुतेक दिवस मेट्रो स्टेशनबाहेर उभी असते. मालक मला सकाळी इथे सोडतात आणि गर्दीत शिरतात. माझ्या टपावर धूळ बसते. झाडावरच्या पाखरांनी मला आपलं मानलं आहे. पूर्वी मी दिवसभर पळायची, आता थोडीच पळते. मला वाईट वाटतं का? थोडं वाटतं. गाडीला पळायला आवडतं, मी खोटं कशाला बोलू? पण त्या इमारतीभोवती गरागरा फिरण्यापेक्षा हे बरं.

परवा आई पहिल्यांदा एकटी इकडे आली. मालक आणि छोटी माझ्यापाशी उभे होते. ती स्टेशनच्या जिन्यावरून उतरली, खांद्याला पिशवी. एरवी मालक पुढे धावले असते, पिशवी घेतली असती, दार उघडून धरलं असतं. त्यांचा हात माझ्या दाराकडे गेलाही होता. मग तो त्यांनी मागे घेतला आणि विचारलं, "आई, गाडीत बसतेस की चालत येतेस?"

किती साधा प्रश्न! मी त्यांच्या घरात आल्यापासून हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता.

आईने माझ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. म्हणाली, "आज चालते. तुम्ही व्हा पुढे."

मालकांनी क्षणभर विचार केला, मला कुलूप लावलं आणि म्हणाले, "आम्हीही येतो."

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. मला घ्या, वापरा, हवं तर लाडाने धुवा-पुसा. पण दारात मी उभी आहे म्हणून घरातल्या कुणाची बाहेर पडायची दुसरी वाट बंद करू नका. मी कितीही चांगली असले, तरी माझी किल्ली एकाच्याच खिशात असते.

पदपथ नाही, म्हणून ते एकामागे एक निघाले. पुढे आई, मध्ये छोटी, गाड्यांच्या बाजूने मालक. छोटी त्या रस्त्याने कधीच चालली नव्हती. चार पावलं टाकायची, वळून माझ्याकडे बघायची आणि थांबायची. आई तिच्यासाठी थांबली. घाई करायला सांगितलं नाही, नुसता हात मागे केला.

जा, बाळा, जा. मी इथेच आहे.